तळहातावरचे चार थेंब

दत्ताराम गेल्याचं त्याच्या सुनेने फोनवर सांगितलं तेव्हा मी वाळपईच्या बाजारात कोकमाची सोलं घेत होतो. पिशवी तिथेच विसरून घरी आलो. त्याला आता दीड महिना झाला. पण काजूचा हंगाम लागला आणि रविवारी सकाळी हात आपोआप स्कूटरच्या चावीकडे जायला लागला...

दत्ताराम माझा शाळेपासूनचा मित्र, तुयेच्या कारखान्यात फिटर. आईला शब्द दिला होता म्हणून आयुष्यात दारूचा थेंब जिभेवर ठेवला नाही, आणि पेडण्या-डिचोलीतली फेणीची एक भट्टी सोडली नाही. हंगामात दर रविवारी मी स्कूटर चालवायची, त्याने मागे बसून वाटा दाखवायच्या. केरीला माडाची फेणी, कुठे दुकशिरीची, म्हणजे अनंतमुळाची, मुळं घातलेली. मुळं किती दिवस ठेवता, भांडं तांब्याचं का, लाकूड कुठलं जाळता... याचे प्रश्न संपायचे नाहीत. भट्टीवाला वैतागला की मी दोन घोट घेऊन वाखाणणी करायची, एवढंच माझं काम. आणि ते मी मनापासून केलं.

तो चार थेंब तळहातावर घ्यायचा, हातावर हात चोळायचा आणि डोळे मिटून हुंगायचा. काजूची बोंडं दोन दिवस उन्हात पडून होती, हेसुद्धा सांगायचा. त्याच्या नाकाला सगळे वचकून असत.

डिचोलीच्या डोंगरात काजूचं भाट, म्हणजे बाग, आणि भट्टी असलेले शाणूभाऊ मात्र वचकत नसत. झाडावरून आपणहून पडलेलं बोंडच घ्यायचं, झाडाला हात लावायचा नाही, नाहीतर फेणी कच्ची होते, हा तिथला जुना नियम. शाणूभाऊंचं सगळं नाव त्या नियमावर होतं. मागच्या हंगामात दत्तारामने त्यांची फेणी हुंगली, हात चोळून पुन्हा हुंगली. मग म्हणाला, "शाणूभाऊ, यंदा वास कच्चो मारता. बोंडां झाडावरली काढलास काय?"

"माझ्या भाटात येवन माकाच खोटो पाडतंस?" एवढंच बोलून शाणूभाऊ भट्टीकडे वळले. त्यांनी आम्हाला पाणीही विचारलं नाही.

दिवाळीनंतर दत्ताराम अंथरुणाला खिळला. एका दुपारी मला जवळ बसवून म्हणाला, "त्या दिसा माका कसलोच वास येवक नाय. तापान नाक गेला होता. तुमच्यासमोर कसा सांगू? तोंडाक येला ता बोललंय. शाणूभाऊक सांग, माझा चुकला."

मी म्हटलं, "तू बरो हो, मगे दोघांय जावया." ही माझी घोडचूक. तो बरा होणार नाही हे मला दिसत होतं, पण एकट्याने शाणूभाऊंसमोर उभं राहायचा धीर होत नव्हता.

शेवटी गेल्या रविवारी गेलो. भट्टी पेटली होती. मी सगळं सांगितलं. शाणूभाऊ हात पुसून दगडावर बसले. गुडघ्यांवरून हात फिरवत राहिले.

"चुकला नाय ता," ते म्हणाले. "गुडघे धरले माझे. वाकान बोंडां येचूक जमना. दोन दिस झाडां हालयलंय. कोणी बघूक नाय..." मग म्हणाले, "तो परत येतलो, मगे सांगान म्हणान वाट बघी होतंय."

आतून त्यांनी एक बाटली आणली. मागच्या हंगामातल्या त्याच फेणीची. विकायला मन झालं नाही म्हणाले.

ती आता माझ्या फळीवर आहे. मी पिणारा माणूस, पण ती प्यायलो नाही. सकाळी चार थेंब तळहातावर घेऊन चोळतो, हुंगतो. मला कच्चा वास काही येत नाही. माझं नाक चष्मा ठेवण्यापुरतंच आहे, असं दत्ताराम नेहमी म्हणायचा. दिवाळीनंतर त्या एका दुपारी मी स्कूटर काढली असती, तर संध्याकाळी परत येऊन त्याला सांगता आलं असतं, की तुझं खरं होतं.