रिव्हिजिट

पांढुर्णा जिल्हा झाला आणि आमच्या कार्यालयात बाहेरून नवे साहेब आले. फाइलीवर ते इंग्रजीत शेरे लिहीत, तेही दोन-तीन शब्दांचे. कारकुनांत बी.ए.ला इंग्रजी घेतलेला मी एकटाच. त्यामुळे शेऱ्यांचा अर्थ लावायचं काम माझ्याकडे आलं आणि मला त्याचा गर्वही होता.

बोरगावकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची भरलेली विहीर आमच्या कागदावर कोरडी होती. ती नोंद बदलण्याचा त्याचा अर्ज आधीच्या साहेबांनी फेटाळला होता. मी शिपायाला गाडीवर मागे बसवून गेलो, पाणी पाहिलं, तसं लिहिलं. शेरा आला, 'रिव्हिजिट.'

रि म्हणजे पुन्हा, व्हिजिट म्हणजे भेट. आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा 'पाणी आहे' लिहिलं. या वेळी शेरा जरा लांब होता, 'रिव्हिजिट ओल्ड ऑर्डर.' जुन्या आदेशाप्रमाणे भेट द्या, असा मी अर्थ काढला. शिपायाला शंका आली होती. मी त्याला व्याकरण समजावलं.

तिसऱ्या खेपेला शेतकऱ्याच्या म्हातारीनं आमच्यासाठी पोहे केले. शेतकऱ्याला सगळे काकाजी म्हणत; त्यांना मात्र घोर लागला होता. त्यांनी मला संत्र्याच्या झाडाआड नेलं आणि हळूच विचारलं, "साहेब, मोठ्या साहेबाले वहिरीत काही पडलं असं वाटून राह्यलं का?"

मी म्हटलं, तसं काही नाही. पण त्यांना ते पटलं नसावं.

तिसऱ्या अहवालावरही तोच शेरा आला. निरोप धाडून चौथ्यांदा गेलो तर बांधावर अर्धं गाव जमलेलं. काकाजींनी दोन मोटारी लावून सकाळपासून विहीर उपसली होती. तळाशी काहीही लपवलेलं नाही, हे सरकारला एकदाचं दिसावं म्हणून. मी वाकून पाहिलं. चिखल, एक फुटकी बादली आणि दोन बेडूक. पाण्याचा थेंब नाही.

आता काय लिहायचं? खरं लिहावं तर विहीर कोरडी. आम्ही संध्याकाळपर्यंत झरे भरायची वाट पाहत काठावर बसलो. घोट्यापर्यंत पाणी आल्यावर मी सगळी हकीकत दोन पानं लिहिली.

साहेबांनी ती वाचून मला बोलावलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, रिव्हिजिट म्हणजे त्या निर्णयाचा फेरविचार करा. तिथं जायला तुम्हाला कोणी सांगितलं? घरी येऊन मी शब्दकोश काढला. दोन्ही अर्थ होते आणि माझा पहिला होता. पण हे साहेबांना सांगायची हिंमत झाली नाही.

नोंद दुरुस्त झाली. आदेशाची प्रत घेऊन मी एकटाच गेलो आणि काकाजींना खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं होतं, चिडतील.

"म्हंजे नुसता इचारच कराचा होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग तो तुमच्या हापिसात होत नाही का?"

मी आदेशाची प्रत पुढे केली. म्हातारी आत तोंडाला पदर लावून हसत होती. काकाजींनी कागद उलटा-सुलटा पाहिला आणि तो 'रिव्हिजिट' शब्द यात कुठं आहे, ते मला बोट ठेवून दाखवायला सांगितलं.