मोजणीदारांची लव्हाळी

जमीनमोजणीत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, की तो घराच्याच मुळावर उठतो. मोजणीदारांनी परसातला, मोठ्या झाडाच्या सावलीतला तुकडा धरला. तिथे तीनदा हिरवळ आणून अंथरली. तिन्ही वेळा ती पिवळी पडून मेली. दोष अर्थातच मातीचा, नर्सरीवाल्याचा आणि बायकोचा.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी मेहुणी आली, तेव्हा तिने सरळ सांगितलं, की सावलीत हिरवळ धरायची नाही, इथलीच लव्हाळी लावा. मोजणीदारांचा चेहरा पडला. लव्हाळी म्हणजे नाल्याकाठचं ते गवत, जे दर रविवारी आपण उपटून फेकतो! पण पुढच्या खेपेला मेहुणीने तीच रोपं कुंड्यांतून, लॅटिन नावाच्या चिठ्ठ्या लावून आणली आणि त्यांचं मत रातोरात पालटलं.

त्यांनी दोरी ताणली, चुना टाकला, वीतवीत अंतरावर चाळीस रोपं लावली. जे बोटभर सरकलं, ते उपटून पुन्हा लावलं. शिवाय दर रविवारी फूटपट्टी लावून सगळ्यांचे शेंडे एका उंचीवर कातरले. वाफा आधी नुकती हजामत झालेल्या पलटणीसारखा दिसला, मग आजारी पलटणीसारखा.

"जरा वाढू द्या की त्यांना," बायको म्हणाली.

"वाढतील. पण शिस्तीत वाढतील."

एका रविवारी कातरायला वाकलेले मोजणीदार सरळच होईनात. डॉक्टरांनी दीड महिना पडून राहायला सांगितलं. बायकोने कात्री माळ्यावर टाकली आणि शांतपणे चहा केला.

दीड महिन्यांनी काठी टेकत ते परसात आले, तर लव्हाळी गुडघाभर वाढून एकमेकींच्या अंगावर रेललेली. रेषा पार बुजल्या होत्या. शेजारीपाजारी बघायला येत होते, वाहवा करत होते. मोजणीदारांनी घसा खाकरला आणि आपली 'पद्धत' समजावून सांगायला घेतली. बायको तिथेच उभी होती. तिने फक्त पदराने तोंड पुसलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी वाफ्यात लॅटिन नावाची पाटी रोवली, पाणसळ लावून, अगदी सरळ. महिनाभरात लव्हाळीने ती गिळली. आता पाहुणे आले, की मोजणीदार गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी पाती बाजूला सारतात आणि नाव वाचून दाखवतात.