बादशाहची एकादशी

बादशाहने तिसऱ्यांदा मान वळवून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला. घोडा असा पोटाकडे बघत राहिला, की त्याचं पोट दुखतंय असं समजायचं. आम्ही घोड्यांचे डॉक्टर त्याला कॉलिक म्हणतो. माणूस ओकून मोकळा होतो. घोड्याला उलटीच होत नाही. आत गेलेलं सगळं मागच्या दारानंच यावं लागतं. नाही आलं, तर घोडा जातो.

गुडगावजवळचा हा तबेला. घोडा दिल्लीतल्या द्वारकेच्या निमकर काकूंचा. त्यांची नात इरा त्याच्यावरून जम्पिंगच्या स्पर्धा खेळते. ती तेव्हा शाळेत होती, म्हणून काकूच धावत आल्या होत्या. दिल्लीच्या थंडीत घोडे पाणी कमी पितात, मग लीद सुकून अडकते. बादशाहचं तेच झालं होतं. मी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि नाकातून नळी घालून पोटात लीद सुटावी म्हणून लिक्विड पॅराफिन, म्हणजे एक बुळबुळीत तेल, सोडलं.

"वाचेल ना हो? इराला काय सांगू मी?" काकूंचा आवाज कापत होता.

त्यांना धीर यावा म्हणून मी हसत म्हटलं, "वाचेल. लीद पडेपर्यंत आज त्याची एकादशी समजा." मग रामफलला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या सईसाला, हिंदीत सांगितलं, "खाना बंद. घुमाते रहो."

दुसरा पेशंट बघून तीन वाजता परत आले, तर बादशाह पाय आपटत होता. पोट पुन्हा दुखत होतं. आतडं तर पिळलं नाही ना?

"रामफल, कुछ खिलाया?"

"बिल्कुल नहीं, मैडम! व्रत है इसका."

मी परत नळी घातली, पाणी सोडलं आणि दुसरं टोक बादलीत धरलं. आधी गुळाचा वास आला. मग बादलीत राजगिऱ्याचे दाणे तरंगायला लागले.

"काकू, हे काय?"

"उपासाचंच दिलं हो! चार राजगिऱ्याचे लाडू आणि थोडी रताळी. साबुदाणा मुद्दाम नाही दिला. पोटाला जड पडतो."

"रामफल, तू बोला क्यों नहीं?"

"मैडम, शकरकंद तो हमारे यहाँ भी व्रत में चलता है."

एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण मला सकाळीच आठवायला हवी होती. राग आला होता, पण कोणावर काढणार? एकादशी मीच सांगितली होती. पोट धुऊन काढलं, पुन्हा पॅराफिन दिलं आणि घोड्याबरोबर आम्ही तिघं मैदानात फेऱ्या मारत राहिलो. काकू पुटपुटत रामरक्षा म्हणत होत्या. मीही मनातल्या मनात म्हटली, खोटं कशाला बोलू?

दिवेलागणीला मागून धप्प असा आवाज आला.

"हो गया, मैडम!" रामफल ओरडला. आम्ही तिघं त्या लिदीकडे डोळे भरून बघत राहिलो. काकूंनी तिला चक्क हात जोडले. मग डोळे पुसत विचारलं, "सुटला बाई उपास! आता पारण्याला काय आणू?"

त्या दिवसापासून माझ्या प्रिस्क्रिप्शनवर एक ओळ ठळक अक्षरांत असते : 'काहीही खायला देऊ नये. उपासाचंसुद्धा.'