मिशिगनच्या मैदानावरचा काका

मी आज जो काही आहे, तो आमच्या शाळेतल्या पीटीच्या बाईंमुळे. आई-वडिलांनी केलं ते वेगळंच, त्याची कशाशी तुलना नाही. पण बाईंचं माझ्याशी काही नातं नव्हतं आणि माझ्यासाठी काही करायची त्यांच्यावर सक्तीही नव्हती. खानदेशातल्या आमच्या तालुक्याच्या गावात त्या भूगोलाचे तास घ्यायच्या आणि शाळा सुटल्यावर आम्हाला खो-खो शिकवायच्या. माझे वडील बाजार समितीत हमाल होते. दहावी झाली की मला तिथल्याच एका आडत दुकानात लावायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. हे कळल्यावर बाई आमच्या घरी आल्या.

"दादा, हा पळतो चांगला म्हणून मी आले नाही," त्या वडिलांना म्हणाल्या. "याचं गणित चांगलं आहे. याला शिकू द्या."

"बाई, आमच्यात कालेजात कोणी गेलेलं नाही."

"मग याला विचारायला कोणी नसेल. मला विचारेल."

आणि मी खरंच त्यांना विचारत राहिलो. कॉलेज कोणतं घेऊ, वसतिगृहात काय काय न्यायचं, पहिल्या सत्रात नापास झालो तर घरी काय सांगू, सगळं. मी इंजिनियर झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. पेढे घेऊन गेलो तेव्हा बाईंनी एक पेढा खाल्ला आणि बाकीचे खो-खोच्या मुलामुलींत वाटायला लावले.

पुण्यात काही वर्षं नोकरी करून मी मिशिगनमध्ये आलो, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला. गाड्यांच्या सीटची चाचणी घेणं हे माझं काम. आमच्या टीमचा मुख्य ऑस्ट्रेलियन होता. तो शनिवार-रविवारी ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा एक हौशी क्लब चालवायचा आणि त्याचा कोचही तोच होता. एकदा जेवताना त्याने मला विचारलं, तू कधी काही खेळलास का? मी खो-खो म्हणालो. त्याला काही बोध होईना, म्हणून मी त्याला पार्किंगमध्ये नेलं आणि उभ्या गाड्यांच्या मधून वाकून, आत-बाहेर वळणं घेत पळून दाखवलं. ऑफिसच्या कपड्यांत.

"शनिवारी ये," एवढंच तो म्हणाला.

हा खेळ आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने चेंडू मारला की सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. चेंडू हाताने फेकायचा नाही. एका तळव्यावर धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून साथीदाराला द्यायचा, नाहीतर लाथाडायचा. उंच उडी मारून चेंडू झेलणाऱ्यांचं फार कौतुक होतं. मी बुटका, त्यामुळे ते आपल्या नशिबी नव्हतं. पण उंच माणसं एकमेकांवर आदळून चेंडू खाली पडला की त्यांच्या पायांमधून तो काढायला मी.

पहिल्याच सामन्यात मी असा चेंडू काढला, साथीदाराला ठोसा मारून दिला आणि जागच्या जागी खाली बसलो. खो दिला की बसायचं, हे शाळेपासून अंगात मुरलेलं. सगळ्यांना वाटलं, गुडघा गेला. कोच पाण्याची बाटली घेऊन धावत आला.

"कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही."

"मग बसलास का?"

याचं उत्तर द्यायला मला मैदानाबाहेर यावं लागलं, आणि तोवर आमच्यावर एक गोल झाला होता.

ती सवय गेली आणि मी चांगला खेळायला लागलो. हे लिहिताना उगाच नम्रपणा दाखवत नाही. एका मोसमात क्लबने मला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कप दिला. तो आमच्या फ्रिजवर आहे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत लोक मला विचारायचे, "अजून चाललंय का तुमचं ते रग्बी?" मी पहिल्यांदा समजावून सांगायचो, नंतर नुसतं हो म्हणायला लागलो. बायको नागपूरची. ती म्हणायची, "बाप्पा, लोकं या वयात प्राणायाम करतात."

मग आमचा ऑस्ट्रेलियन कोच नोकरी संपवून मायदेशी परतला. जाण्याआधी त्याने शिट्टी माझ्या हातात दिली आणि गोलचे प्लास्टिकचे खांब माझ्या गराजमध्ये आणून टाकले. तेव्हापासून माझी गाडी बर्फात उभी असते आणि खांब आत.

कोच म्हणून माझ्याजवळ माझं असं एकच होतं, ते म्हणजे खो-खो. मी सगळ्यांना एका ओळीत, आळीपाळीने उलट्या तोंडांनी, उकिडवं बसवलं. तिथेच माझी पहिली फजिती झाली. अमेरिकेत वाढलेल्या माणसाला उकिडवं बसता येत नाही. सहा-सहा फुटी गडी मागे कलंडून एकेक करून पडले. त्यांच्यात एकच मराठी मुलगा होता, आई-बाबा पुण्याचे, स्वतः जन्मलेला ट्रॉयचा, हॉस्पिटलमध्ये नर्स. तो ओरडला, "काका, माय नीज!" बाकीच्यांना तो शब्द इतका आवडला की त्या दिवसापासून मी सगळ्या संघाचा काका झालो. कोच कोणी म्हणेना. पंचसुद्धा नाणेफेकीला "काका कोण?" असं विचारायला लागले.

पण ते बसायला शिकले. बसल्या जागेवरून एका झटक्यात उठून पळायला शिकले. मुख्य म्हणजे चेंडू हातात येण्याच्या आधीच तो कोणाला द्यायचा हे बघायला शिकले. दुसऱ्या मोसमात आम्ही राष्ट्रीय स्पर्धेत खालच्या गटाच्या अंतिम सामन्यात पोचलो. तो जिंकला तर वरच्या गटात. आमचा क्लब तिथे कधीच पोचला नव्हता.

अडचण एकच होती, आणि ती माझी होती. मी कोच होतो आणि खेळतही होतो. माझी जागा त्या नर्स मुलाचीही जागा होती. संघ मी निवडायचो, म्हणून सुरुवात मी करायचो आणि तो मधूनच काही मिनिटं आत यायचा. तो कधी काही बोलला नाही. काकांना कोण बोलणार? बोलला तो आमचा बचावातला एक दांडगा ऑस्ट्रेलियन, धंद्याने प्लंबर. अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, सरावात, सगळ्यांसमोर.

"काका, तू कोच भारी आहेस. फक्त एका प्लेयरला फार जपतोस."

सगळे हसले. मीही हसलो. मुलगा मात्र खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. ती आधीच बांधलेली होती.

बायको आमच्या सामन्यांचे व्हिडिओ काढते. त्या दिवशी सकाळी झालेला सामना मी रात्री हॉटेलच्या खोलीत बसून पुन्हा पाहिला. मी वाईट खेळत नव्हतो. पण चेंडू पडायचा तिथे मी पोचेपर्यंत दुसऱ्याचा हात पडलेला असायचा. आणि मी गर्दीत चिखलात तोंड घालून असताना बाकीचा खेळ बघणारं आमचं कोणीच नव्हतं. आता एकदा बाहेर थांबलो की परत आत जाणं नाही, हेही मला दिसत होतं. शाळेपासून मी कुठल्या ना कुठल्या संघात होतोच. खेळाडू नसलेला मी कसा असतो, ते मला माहीत नव्हतं.

सकाळी मैदानावर खांब उभे करताना मी त्या मुलाला बाजूला बोलावलं.

"आज सुरुवातीपासून तू."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर."

"काका, डोन्ट डू धिस फॉर मी."

"तुझ्यासाठी नाही रे. तू माझ्यापेक्षा फास्ट आहेस म्हणून."

त्याने पुढचा खांब उचलून धरला. "बट यू आर स्टिल गुड, काका."

"ते मला माहीत आहे. खांब सरळ धर."

स्पर्धेहून परत आल्यावर मी बाईंना पत्र लिहिलं. त्यांना आता फोनवर नीट ऐकू येत नाही. ते पत्र असं:

बाई, नमस्कार.

मी मजेत आहे. घरी सगळे बरे आहेत. मागे तुम्हाला सांगितलं होतं त्या खेळात आमचा संघ जिंकला. पुढच्या वर्षी आम्ही वरच्या गटात खेळू. मी खेळलो नाही, बाहेर उभा होतो. माझ्या जागी आपल्याकडचाच एक मुलगा खेळला आणि फार छान खेळला.

सामन्याच्या शेवटच्या पाव भागात आम्ही मागे होतो. बाहेरून मला दिसलं की त्यांचे उजव्या बाजूचे दोघं दमलेत आणि कमरेवर हात ठेवून उभे आहेत. मी आमचे दोन चपळ गडी तिकडे पाठवले. तिथूनच आम्ही सामना काढला. आत असतो तर मला ते दिसलंच नसतं. बाई, कप मिळाला तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

सामना संपल्यावर सगळ्यांनी मला उचललं. खाली ठेवल्यावर मला एक गोष्ट आठवली. आठवीत असताना एकदा सरावाला एक गडी कमी होता, तर तुम्ही पदर खोचून उतरलात. आम्ही सगळ्यांनी जीव तोडून पाठलाग केला. तुम्ही कोणालाच सापडला नाहीत. मग घड्याळ बघून "चला, घरी जा" म्हणालात. आम्हाला वाटलं, बाईंना सगळंच येतं, तसं हेही येत असणार. कोणी काही विचारलं नाही.

तुम्ही कोणासाठी खेळायचात? खेळणं कधी थांबवलंत, आणि त्या दिवशी तुम्हाला कसं वाटलं? हे तुम्हाला इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. आता मी विचारतो आहे. अक्षर बारीक आलं तरी चालेल, मला तुमचं अक्षर वाचता येतं.

तुमचा विद्यार्थी