पांढरी गच्ची, काळी ताडपत्री

पेणच्या गुप्ते सरांनी मला फसवलं. पैशात नाही, तेवढी घासाघीस सरांना जमत नाही. त्यांनी माझ्या कामाबद्दल खोटं सांगितलं आणि रोह्याचं मोठं काम माझ्या हातचं गेलं.

वॉटरप्रूफिंग हा माझा धंदा. सर निवृत्त हेडमास्तर, सोसायटीचे सेक्रेटरी, राहायला सगळ्यात वर. गच्चीखालची भट्टी त्यांच्याच वाट्याला. लोकांना वाटतं, छत पावसात बिघडतं. छत बिघडतं उन्हाळ्यात. दिवसा स्लॅब तापून फुगतो, रात्री आकसतो, त्यात केसाएवढ्या चिरा पडतात. पाऊस त्या फक्त शोधून काढतो.

सरांना डांबरी शीट हवी होती. गॅसच्या बर्नरने तापवून चिकटवायची, काळी कुळकुळीत. पाणी अडवते, पण ऊन पिते. मी म्हटलं, पांढरं कोटिंग घ्या. रबरासारखं असतं, चिरेवर ताणलं जातं पण तुटत नाही, आणि ऊन परतवतं.

"म्हणजे चुनाच की, पाटील."

"चुना पावसात वाहून जाईल सर. हे गेलं तर मला धरा."

"आणि तुम्ही सापडाल?"

"धरमतरची खाडी सोडून मी कुठं जाणार?"

काम झालं. सर खूश. पंखा आता हळू फिरवला तरी चालतो, असं जिन्यात भेटेल त्याला सांगायचे. रोह्याला त्यांच्या साडूंचं मंगल कार्यालय आहे. त्याच्या छताचं कामही मलाच मिळणार होतं.

कडक ऊन सुरू झालं आणि सरांचा फोन आला. "तुमचं कोटिंग थकलं. घर पुन्हा तापतंय." मी बघायला जायच्या आधी त्यांनी हेच साडूंना सांगितलं. साडूंनी दुसऱ्याकडून काळी शीट लावून घेतली.

माझं डोकं फिरलं. भर दुपारी न सांगता गेलो, तो थेट गच्चीवर. पाहतो तर एक वीत पांढरं दिसेना. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी ताडपत्री, कडेला विटा ठेवलेल्या. तिच्यावर पोह्याचे पापड. मधोमध डोक्याला पदर गुंडाळून सरांच्या मिसेस, गुप्ते काकू, पापड उलटत होत्या.

"काकू, ही ताडपत्री कवापासून हाय?"

"पापड सुरू केले तेव्हापासून. तुमच्या त्या पांढऱ्यावर वाळतच नाहीत हो. खालून ताप लागत नाही."

"ताप लागू नये म्हणूनच लावलंय ते."

"ते ह्यांच्या खोलीसाठी. पापडांचं कुणी विचारलं होतं?"

कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

"सरांना ठाऊक हाय?"

"त्यांचे गुडघे दुखतात, ते कुठे वर येतात? पापड मात्र दोन्ही वेळा लागतात."

मी ताडपत्री उचलली आणि जिन्यावरच्या छपरावर नेऊन अंथरली. तिथे कोटिंग नाही, खाली कुणी राहतही नाही. पापड कडकडीत वाळले. दुसऱ्या दिवशी सरांचं घर गार. मी विचारलं, तर म्हणाले, "बरं वाटतंय. पण पहिल्याइतकं नाही हो."

तेव्हापासून छत कुठे गळतं हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, गच्चीवर काय वाळत घालता? आणि तेही घरातल्या बाईला.

काकूंकडून ताडपत्रीचं कळल्यावर सरांनी चूक कबूल केली, पण पेणला, जिन्यात, हळू आवाजात. ते मला चालणार नाही. त्यांनी रोह्याला जावं. साडूंच्या त्या काळ्या छतावर भर दुपारी अनवाणी उभं राहावं, आणि पाटलाचं कोटिंग थकलं नव्हतं, हे साडूंना मोठ्याने सांगावं. गुडघ्यांचं कारण ऐकणार नाही. खांद्यावर घेऊन मी चढवतो.