मिशीवाल्या माशाचा कायदा

माझ्या नवऱ्याने चांगली नोकरी सोडून मासे पाळले, याचा मला राग नाही. त्याने मिश्या असलेले मासे पाळले, याचा आहे.

ग्रीन कार्ड हातात आलं आणि दोन महिन्यांत त्याने राजीनामा दिला. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या ओळखीच्या लोकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना? ठीकच होतं. तो भंडाऱ्याकडचा, तलावाच्या काठी वाढलेला. पंधरा वर्षं स्क्रीनसमोर बसून त्याला पाणी आठवत होतं, एवढंच. दीड तासावरच्या एका म्हाताऱ्या मका शेतकऱ्याची दोन तळी त्याने तीन वर्षांसाठी भाड्याने घेतली आणि एकात कॅटफिशची, म्हणजे या मिशीवाल्या माशाची, पिल्लं सोडली. हा मासा इथली थंडी सोसतो, काटे कमी, त्यामुळे इथे वाढलेली आपली पोरंही कुरकुर न करता खातात. चव थेट गावाकडच्या शिंगाडा माशाची.

पहिला उन्हाळा झकास गेला. शनिवारी तो मासे काढायचा, कापून, साफ करून बर्फात घालायचा आणि मी पिशव्या भरायचे. रविवारी आम्ही बौद्ध मंडळी एका भाड्याच्या हॉलमध्ये वंदनेला जमतो. वंदना झाली की पार्किंगमध्ये आमच्या गाडीची डिकी उघडायची आणि पंधरा मिनिटांत रिकामी व्हायची. सगळ्यात आधी हजर असायच्या आमच्या काकू. सत्तरीच्या, नागपूरच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. पाच-सहा घरांच्या ऑर्डरी त्याच गोळा करायच्या. भाडं, खाद्य, पेट्रोल सगळं भागून हातात थोडं उरलं. नवरा दुसरं तळं भरायच्या गोष्टी करू लागला.

मग दुसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला सरकारी इन्स्पेक्टर आला. माणूस इतका सभ्य, की भांडायचीही सोय नाही. त्याने शांतपणे समजावलं, की या देशात बाकी मासे एका खात्याकडे आहेत आणि कॅटफिशची जात दुसऱ्या खात्याकडे. ते खातं गाई-डुकरांच्या मांसाचं. म्हणजे आमचा मासा कागदावर मासा नव्हताच, मटण होता! कापलेला विकायचा तर तो सरकारी तपासनीस हजर असलेल्या कारखान्यातच कापायला हवा. सगळ्यात जवळचा कारखाना अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, आणि ट्रकभर माल नसेल तर ते फोनसुद्धा नीट घेत नाहीत. स्वतःचा उभारायचा म्हटलं तर अटींच्या यादीत तपासनिसाला बसायला वेगळी खोलीसुद्धा होती. आमच्याकडे नवऱ्याला बसायला एक प्लास्टिकची खुर्ची होती.

मका शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो खो खो हसला. त्याचं म्हणणं असं, की दक्षिणेकडच्या मोठ्या कॅटफिशवाल्यांना परदेशी माल अडवायचा होता, म्हणून हे कुंपण घातलं गेलं. खरंखोटं तो जाणे. पण कुंपण घातलं दुसऱ्यासाठी आणि अडकलो आम्ही. शेतकऱ्याच्या मक्याला विमा आहे, मदत आहे, वर्षाला चार माणसं येऊन विचारपूस करतात. मिश्या तर मक्यालाही असतात, पण त्या कुणी मोजत नाही.

एक वाट मात्र इन्स्पेक्टरने दाखवली. गिऱ्हाइकाने स्वतः तळ्यावर यायचं, जिवंत मासा निवडायचा आणि सांगायचं की हा माझ्यासाठी काप. गिऱ्हाइकाच्या मागणीवरून कापलेला मासा चालतो. नवरा खूश झाला. "यार, हे तर सिंपल आहे. लोकांची पिकनिकपण होईल." मलाही पटलं. आम्ही दोघंही मूर्ख.

पुढच्या रविवारी काकूंनी दोन गाड्या भरून माणसं आणली. तळ्यावरच्या झाडाखाली मी चहा केला, पोरं काठावर हुंदडली. नवऱ्याने जाळं टाकून मासे काढले आणि मोठ्या टाकीत सोडले. पाण्यात मिश्या हलत होत्या.

"काकू, पहिला मान तुमचा," तो म्हणाला. "कोणता काढू?"

काकूंनी टाकीत वाकून पाहिलं आणि हात पदराखाली घेतला. "कोणताही काढ ना बाबू. मले कशाले विचारतो?"

"तुम्हालाच दाखवावा लागतो काकू. कायदा आहे."

"मी नाही दाखवत बापा बोट. आत्ता सकाळी पंचशील घेतलं, पहिलंच शील जीव न घेण्याचं. अन् दुपारी याले मार म्हणून सांगू?"

माझा पारा चढला. "काकू, मागच्या वर्षी तुम्हीच तर दर रविवारी मासा नेला. तो काय म्हातारा होऊन मेला होता?"

"तो मी आणला बाजारातला समजून. माझ्यासाठी नव्हता मारला."

"पण सरकारला तुमच्यासाठीच मारलेला हवाय!"

"मंग सरकारनेच दाखवावं बोट," काकू म्हणाल्या आणि चहा पिऊ लागल्या.

मागे उभ्या सात-आठ जणांनी एकमेकांकडे पाहिलं. काकूंनंतर पुढे व्हायला कुणी तयार होईना. एका छोट्या मुलीने बापाची बाही ओढून विचारलं, "आर यू गोइंग टू किल दॅट वन?" बाप म्हणाला, नाही बेटा, आपण नुसतं बघायला आलोय. तिथेच आमचा उन्हाळा संपला. नवऱ्याने तिथूनच इन्स्पेक्टरला फोन करून विचारलं, की काकूंच्या वतीने माझ्या बायकोने बोट दाखवलं तर चालेल का. तो बिचारा म्हणाला, गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईकच. रिकामे कूलर गाडीत ठेवून सगळे परत गेले. जाताना काकू मला म्हणाल्या, "पोरी, कापलेला असंल तं फोन कर." मी दात ओठ खात हात हलवला. घरी येताना गाडीत मी काकूंना हट्टी, ढोंगी, काय काय म्हटलं.

बाकीचेही हळूहळू गळाले. तीन तासांचा फेरा एका माशासाठी कोण करणार? मासे मात्र खाऊन-पिऊन वाढत राहिले. शेवटी एक जण सगळे मासे घ्यायला तयार झाला. त्याचं तळं हौशी लोकांसाठी आहे. ते पैसे देऊन गळ टाकतात, मासा ओढून वर काढतात, फोटो घेतात आणि परत पाण्यात सोडतात. त्याने दिलेल्या भावात खाद्याचाही खर्च निघत नव्हता, पण तिथे जायला माशाला वाहतुकीच्या परवान्याचा एक कागद पुरला. खायला घालायचं तर मांसाचं खातं, खेळायला द्यायचं तर एक कागद! हे ज्याने ठरवलं त्याला एकदा आमच्या काकूंसमोर उभं करायला हवं.

ऑक्टोबरातल्या दुपारी त्याचा ट्रक यायचा होता. त्याआधी नवऱ्याने शेतकऱ्याला सांगून टाकलं, की तिसऱ्या वर्षी तळं नको. मग त्याने शेवटचे काही मासे टाकीत घेतले. "एक आपल्याला नेऊ," तो म्हणाला. "घरच्यासाठी मारायला तर कुणाची ना नाही. तू सांग, कोणता?"

मी टाकीपाशी गेले. पहिल्या उन्हाळ्यात तो कापायचा तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून पिशव्या मोजत बसायचे, हे मला तेव्हा आठवलं. एक मासा वर आला, तोंड उघडून मिटलं. मी हात स्वेटरच्या खिशातून काढलाच नाही.

"कोणताही काढ ना," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. तो हसेल असं वाटलं होतं, हसला नाही. जाळं काठावर ठेवून दिलं. ट्रक आला, मासे गेले, आम्ही टाकी उलटी करून ठेवली. काकूंना मी गाडीत जे जे म्हटलं होतं, त्यातला एकेक शब्द मला परत घ्यावासा वाटत होता.

परतताना इंडियन स्टोअरमध्ये थांबलो. फ्रीझरमध्ये रोहू होता, समुद्रापलीकडून आलेला, साफ करून तुकडे केलेला. रोहूलाही बारीकशा मिश्या असतात, पण त्या सरकार धरत नाही. मी दोन पाकिटं उचलली, एक आम्हाला आणि एक काकूंना. तो कुणासाठी मारला, हे पाकिटावर लिहिलेलं नव्हतं.