केळी उंबऱ्याबाहेर

पूर्णेच्या बाजारातून घरी आणलेली कोथिंबिरीची जुडी कुठं म्हातारपण भोगून समाधानानं गेली असेल, तर ती आमच्या शेजारच्या पार्सलबाबू काकांच्या घरी. बाकी आम्हा सगळ्यांकडे ती अकालीच जायची. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले होते. दुसऱ्यांच्या पेट्या, पाट्या आणि करंड्या न नासता पुढे पाठवण्यात त्यांची उभी नोकरी गेली. नोकरी सुटली, पण पार्सल सुटलं नाही. बाजारातून आलेली भाजी म्हणजे वाटेतला माल, घर म्हणजे मधलं स्टेशन आणि ताट हे शेवटचं. मधल्या स्टेशनात माल खराब झाला तर जबाबदारी स्टेशनाची, असं त्यांचं सरळ म्हणणं. मी त्या गावात शाळेत नोकरीला होते आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागलेल्या घरात भाड्यानं राहत होते. मला कामांच्या याद्या करून जगायची सवय, त्यामुळे हा माणूस मला पहिल्याच दिवशी पटला. गल्लीतल्या बाकी बायकांना पटायला वेळ लागला.

आठवडी बाजारात ते आधी चौकशी करत आणि मग भाव विचारत. भेंडीच्या ढिगापुढे उकिडवे बसून म्हणत, "बाई, ही कधी निघाली? कुठून निघाली? मधे कुठं थांबली होती का?" एकदा माझ्यासमोरच एका भाजीवालीनं त्यांना ऐकवलं, "बाबू, भेंडी हाय ही, काचीगुडा पाशिंजर न्हाई. घ्यायची तर घ्या, न्हाई तर उजेड सोडा." काकांना राग आला नाही. "म्हणजे कालची आहे," एवढंच मला म्हणाले आणि पुढच्या ढिगाकडे सरकले. घरी आल्यावर पिशवी ओट्यावर रिकामी होई आणि मग माल जागेवर बसवायचं काम सुरू होई. मिरच्यांचे देठ काढून त्या कोरड्या फडक्यात, कोथिंबीर न धुता ओलसर पंच्यात, लिंबं तेलाचा हात लावून बरणीत, आलं वाळूच्या कुंड्यात पुरलेलं. कांदा वर टांगलेल्या टोपलीत, हवेशीर, आणि बटाटा बाजेखाली पोत्याच्या अंधारात. "दोघंही स्वभावानं चांगलेत," ते म्हणत, "पण एका डब्यात बसवले की दोघंही बिघडतात." वाळूसुद्धा नदीची साधी नसे. इंजिनाची चाकं रुळावर घसरू नयेत म्हणून शेडमध्ये भट्टीवर भाजून कोरडी केलेली वाळू असते, ती ते तिथल्या ओळखीवर आणत. कुठं किती पाणी शिंपडायचं ते आपण ठरवावं, नदीनं ठरवू नये, असं त्यांचं मत.

हे सगळं घराच्या मागच्या खोलीत चाले. तिच्या खिडकीला ओलं गोणपाट, कोपऱ्यात माठ, आणि उन्हाळ्यातही आत गेलं की पाय गार. गल्लीत कुणाकडे फ्रीज नव्हता, पण ही खोली होती. नामांतराच्या त्या वर्षांत बाजार कधी बंद पडेल याचा भरवसा नसे. असाच एकदा लागोपाठ बंद राहिला, तेव्हा सगळी गल्ली या खोलीवर जेवली. "बाबूंच्या भाज्यांना पेन्शन मिळती" असं म्हणून हसणाऱ्या समोरच्या बाईंनाही त्यांनी न बोलता वांगी दिली. न बोलता म्हणजे, वांगी कशी ठेवावीत यावर फक्त अर्धा तास बोलून. शिकवण्याची त्यांना भारी हौस. गल्लीत नवी सून आली की काकू तिची ओटी भरत आणि काका तिला बटाट्याविषयी सांगत. स्वतः काकूंना मात्र त्यांनी कधी काही शिकवलं नाही. खोलीचं काम ते स्वतःच करत, काकू त्यात पडत नसत. मी एकदा विचारलं तर काकू म्हणाल्या, "मी स्वैपाक करते, त्यांनी भाजी सांभाळावी. दोघांनी एकाच कामात हात घातला की भांडणं होतात बघ. कांद्या-बटाट्यासारखी."

त्यांना एकच लेक, लांब आदिलाबादकडे दिलेली. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा तिला अन्नच जाईना. तिकडून आलेल्या पाहुण्यानं निरोप सांगितला, की पोरीला आंबा सोडून दुसरं काही खावंसं वाटत नाही, आंबे तर तिकडे संपले, आणि सासरचे तिला पंचमीला पाठवणार आहेत. पंचमी म्हणजे श्रावण. श्रावणात आंबा कुठला? काकांनी निरोप ऐकून घेतला, छत्री उचलली आणि भावाच्या शेतावर गेले. तिथं बांधावर उशिरा येणारं एक गावरान झाड होतं. त्याचे शेवटचे, दगडासारखे टणक आंबे ते देठासकट उतरवून घेऊन आले. मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यात परत पाहिलं नाही. मेणबत्तीवर लाख वितळवून त्यांनी प्रत्येक आंब्याच्या देठावर टिपका दिला, पार्सलला लावतात तसा. "देठातून आत काही जायला नको," म्हणाले. मग मागच्या खोलीत गवत पसरून आंबे एकमेकांना लागणार नाहीत असे मांडले. रोज सकाळी चूळ भरून आधी तिथं जात आणि वाकून एकेकाचा वास घेत. बाहेर आले की काकू नजरेनंच विचारत, आणि ते म्हणत, "झोपलेत."

आषाढ उतरणीला लागला तरी आंबे झोपलेलेच होते. मी स्वतः पाहिलंय. पंचमी जवळ आली तशी काकूंनी लेकीसाठी बोललेली सत्यनारायणाची पूजा उरकून घेतली. काका त्याच संध्याकाळी भावाकडे मुक्कामाला गेले होते. प्रसादाची वसमतची केळी बरीच उरली. घरातली चांगली, जपायची वस्तू मागच्या खोलीत जाते, एवढं काकू इतक्या वर्षांत पाहून शिकल्या होत्या. त्यांनी केळ्यांच्या फण्या आंब्यांशेजारी गवतावर नीट मांडल्या, वर धुतलेलं फडकं घातलं आणि दार लावून घेतलं.

काका चौथ्या दिवशी परतले तेव्हा मी दारातच होते. फाटकाशीच ते थांबले आणि नाक वर करून उभे राहिले. घरातून पिकल्या आंब्याचा घमघमाट येत होता. खोलीत गेलो तर सगळे आंबे पिवळे, काही तर मऊ पडलेले. काकांनी फडकं उचललं, केळी पाहिली आणि बाजेवर बसले. मग हळूच म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा गाडी वेळेच्या आधी आली."

काकूंना काही कळेना. "काय झालं? मी काय केलं?"

"केळ्याच्या करंडीशेजारी आम्ही आंबा कधी ठेवत नव्हतो गं. पुढच्या स्टेशनापर्यंत पिकतो."

"मग सांगायचं न्हाई का मला?" काकू रडायलाच लागल्या. "अख्ख्या गल्लीला सांगत फिरता!"

काकांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "खरं आहे. घरात सांगायचंच राहिलं."

मी व्यवहारी बाई. म्हटलं, पंचमीपर्यंत आंबा राहत नाही, पण रस वाळवला तर राहील, आंबापोळी घालू. काका उठले. आम्ही दोघींनी रस काढला, ताटांना तुपाचा हात लावून पसरला, आणि मग लक्षात आलं की ऊन कुठंय? बाहेर चार दिवसांची झड लागलेली. काकांनी ताटांवर पातळ फडकी बांधली, आणि निम्मी काकांकडे, निम्मी माझ्याकडे, अशी छत्रीखालून ती ताटं घेऊन शेडच्या वाळूभट्टीवर गेलो. भट्टीवरच्या मामांनी आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जय भीम, बाबू. वाळू न्यायला ताटं कामून आणली?"

"लेकीसाठी आंबा वाळवायचाय."

"हितं? साहेबानं बघितलं तर?"

"साहेबाला पण एक तुकडा देऊ."

"आन् कोळशाचा वास लागला तर?"

"लागू दे मामा. नासायला नको."

मामांनी एक ताट हातात घेऊन फडक्याची कड उचलली, वास घेतला. "माझी बी यायलीय पंचमीला," म्हणाले, आणि भट्टीच्या कडेची गरम पत्र्याची जागा झाडून घेतली. पोळी पूर्ण वाळेपर्यंत त्यांनी पाळी सुटली की जाता-जाता ताटं फिरवली, आणि एक ताट त्यांच्या घरी गेलं.

पंचमीला लेक आली ती डोळे खोल गेलेली. काकूंनी पाट मांडला, काकांनी पोळीची सुरळी पुढे ठेवली आणि दोघंही तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. तिनं एक तुकडा तोंडात घातला, चघळला, थांबली. "बाबा, याला इंजिनाचा वास यायलाय."

"मग?" काकांचा आवाज बारीक झाला.

"मग काय? अजून द्या की."

त्या महिन्यात तिनं सगळी पोळी संपवली आणि हळूहळू भाकरीवर आली. दिवाळीनंतर मुलगी झाली, धडधाकट. काका तिच्याही डोक्याचा वास घ्यायचे, रोज सकाळी, चूळ भरून झाली की.

त्या आषाढापासून काकूंनी एक कायदा केला, की केळं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. "अगं, आंबे नसले की चालतं," काकांनी पुष्कळ समजावलं, पण काकूंनी मानलं नाही. फक्त पूजेची केळी आत येत, तीही देवापुढून थेट पायरीवर जात. पाहुण्यानं आणली तर पाहुण्यालाच पायरीवर बसून संपवावी लागत. गल्लीनं हसून घेतलं आणि मग तिलाही सवय झाली.

पुढे माझी बदली परभणीला झाली. वाफेची इंजिनं गेली, भट्टी थंड झाली, आणि काकाही गेले. परवा पूर्णेला एका लग्नाला गेले होते, तेव्हा वेळ काढून काकूंकडे डोकावले. हातात वसमतची केळी होती. बाजारात चांगली दिसली म्हणून घेतली, दुसरं काही मनात नव्हतं. काकू आता वाकल्यात. दार उघडून त्यांनी आधी माझा हात पाहिला आणि मग तोंड.

"आत नको आणू गं. हितंच बसू."

त्यांच्या खांद्यावरून मला मागची खोली दिसत होती. दार सताड उघडं होतं. खिडकीचं गोणपाट कोरडं लटकत होतं आणि खाली फरशी नुसती झाडलेली. पिकेल असं तिथं काही नव्हतं. मी चपला काढल्या नाहीत. पायरीवर बसून दोघींनी केळी खाल्ली, आणि काकूंनी साली गोळा करून उंबऱ्यापासून लांब नेऊन ठेवल्या.